हौद भरेपर्यंत

आमच्या फ्रिजवर एक वेळापत्रक चिकटवलेलं आहे. चार रंगांच्या स्केचपेननं आखलेलं, कोपऱ्यात बारकंसं फूल. पहाटे साडेचार ते सहा या चौकटीत हिरव्या अक्षरांत लिहिलंय, ‘काकूंचं लेखन’. ते मी केलेलं नाही. वरच्या खोलीत भाड्यानं राहणारी, नीटची तयारी करणारी परभणीकडची एक पोरगी आहे, तिनं करून दिलं. इतर गावांत भिंतीवर कॅलेंडर असतं, लातुरात वेळापत्रक असतं. गल्लोगल्ली मेस, अभ्यासिका आणि पहाटे चारला दिवे लागलेल्या खिडक्या. ज्याला सगळा महाराष्ट्र ‘लातूर पॅटर्न’ म्हणतो, त्यातलं निम्मं काम घड्याळाचंच आहे. त्यामुळं माझी तक्रार ऐकून त्या पोरीला जे सुचलं, ते गावाच्या रिवाजाला धरूनच होतं.

तक्रार अशी, की लिहायला वेळ मिळत नाही.

‘काकू, वेळ मिळत नसतो, काढावा लागतो,’ ती म्हणाली. सतरा वर्षांची पोर. बायोलॉजीच्या पुस्तकातून मान वर न करता.

हिरवी चौकट तीन दिवस टिकली. पहिल्या दिवशी साडेचारला उठले, वही उघडली आणि समोरच्या भिंतीवरच्या पालीचं अर्धा तास निरीक्षण केलं. दुसऱ्या दिवशी वही उघडली आणि महिन्याच्या किराण्याची यादी झाली. यादी फार चांगली झाली होती, जिरे-मोहरीसुद्धा विसरले नव्हते. तिसऱ्या दिवशी वहीवर डोकं टेकलं ते थेट आत्याबाईंच्या खोकल्यानं उचललं. ‘काय लिवायलीस गं एवढ्या पहाटं?’ सासूबाईंनी विचारलं. माझ्या गालावर वहीच्या तारेचे वळ उमटले होते, त्यामुळं उत्तर द्यायची गरज पडली नाही.

मी एका ज्युनिअर कॉलेजच्या ऑफिसात क्लार्क आहे. निकाल लागला की टीसी, बोनाफाईड, शिष्यवृत्तीचे अर्ज, आधारवरचं नाव आणि दाखल्यावरचं नाव यांतला एका वेलांटीचा फरक. खिडकीच्या जाळीतून दिवसभर कागद आत येतात आणि प्रश्नही. संध्याकाळी घरी येते तेव्हा हातपाय धड असतात. खुर्चीत बसलेल्या बाईचे हातपाय कशानं दुखणार? पण डोकं मात्र गुऱ्हाळातून निघालेल्या चिपाडासारखं झालेलं असतं. आणि खोटं कशाला बोलू, वेळ असतो. रात्री भांडी आवरली की चांगला तासभर रिकामा असतो. तो मी मोबाइलवर, कधीही न भेटलेल्या बायकांच्या पुरणपोळ्या बघण्यात घालवते. म्हणजे तक्रार वेळेची नव्हतीच. ती शिळ्या, पिळून घेतलेल्या वेळेची होती. हे त्या पोरीला सांगितलं असतं, तर तिनं वेळापत्रकात ‘ताजेपणा’ नावाची पाचव्या रंगाची चौकट काढली असती.

ही गोष्ट माझ्या लक्षात आली ती आज्जीमुळं. आज्जी अंबाजोगाईजवळच्या खेड्यातली. तिला अक्षर येत नव्हतं. गावात पिठाची गिरणी आली होती, पण लाइट गेली की चार-चार दिवस यायची नाही, तेव्हा आज्जी पहाटे जात्यावर बसायची. मी मधेमधे खुंट्याला हात लावायचे. मदत म्हणून नाही. मला फिरायला आवडायचं. ती मूठभर ज्वारी जात्याच्या तोंडात सोडायची आणि तेवढ्यात ओवीची पहिली ओळ निघायची. जात्याचा फेरा जेवढा, तेवढाच श्वास, आणि श्वास जेवढा तेवढीच ओळ. ओव्या आईकडून, मावशीकडून आलेल्या असायच्या, पण त्यातला भाऊ तिचा असायचा, नदी तिच्या गावची असायची, आणि एखादी अगदी त्याच पहाटे जन्मलेली. मी गणितात आपटले त्यावरही तिनं ओवी केली होती. ती घरात पुष्कळ दिवस चालली.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांनी खेडोपाडीच्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्यांचा आकडा एक लाखाच्या वर गेला. आमच्या बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या बायकांनी बाबासाहेबांवर गायिलेल्या ओव्याही त्यात आहेत. एक लाख! आणि त्यातल्या एकाही बाईकडं वेळ नव्हता. दळण झालं की पाणी, पाणी झालं की भाकरी, भाकरी झाली की रान.

मग त्यांना सुचलं कसं? मला वाटतं, जातं हात अडकवून ठेवायचं आणि डोकं मोकळं सोडायचं. माझं काम बरोबर उलटं आहे. हात माउसवर निवांत पडलेले असतात आणि डोकं त्या एका वेलांटीत अडकलेलं असतं. दिवसभर दगड ओढणारी बाई गाणं म्हणू शकते, दिवसभर फॉर्म तपासणारी नाही. अर्थात जात्याचं हे कौतुक मी पंख्याखाली बसून करतेय, हेही मला कळतं. आज्जीच्या तळहाताला घट्टे होते. गिरणी आली तेव्हा गावातली एकही बाई रडली नव्हती.

माझ्या माहेरच्या आणि सासरच्या आसपास या बाबतीतले दोन थोर नमुने होऊन गेलेत. एक गंगाखेडची जनाबाई. नामदेवांच्या घरचं सगळं काम अंगावर, दळण, कांडण, झाडलोट, पाणी, आणि नावावर साडेतीनशेच्या आसपास अभंग. तिच्याकडं प्रत्यक्ष विठ्ठल दळायला यायचा. आमच्याकडं हे येतात, पण ‘चहा होतोय का’ एवढंच विचारायला. दुसरे अंबाजोगाईचे दासोपंत. सोळाव्या शतकातला हा माणूस लिहायला बसला की बसला. गीतेवर त्यांनी सव्वा लाख ओव्यांचा ग्रंथ केला असं म्हणतात, आणि कापडावर लिहिलेली त्यांची पासोडी सुमारे 40 फूट लांब आणि 4 फूट रुंद आहे. त्यांना रोज एका ढबू पैशाची शाई लागायची, अशी आमच्याकडं आख्यायिका आहे. लहानपणी ती ऐकली तेव्हा मी फक्त एवढंच विचारलं होतं, की मग घरचं पाणी कोण भरायचं? मोठ्यांनी दटावलं. प्रश्न अजून तसाच आहे.

पासोडी माझ्या हातून होणार नाही. शाई परवडते, आता ढबू पैशाहून जरा महाग पडते एवढंच, पण तसं बसणं परवडत नाही. राहिली जनाबाई. म्हणून मी जातं शोधायला लागले. म्हणजे असं काम, ज्यात हात गुंततील आणि डोकं सुटेल. भाकऱ्या थापताना करून बघितलं. पहिली भाकरी आणि पहिलं वाक्य दोन्ही छान फुगली. दुसऱ्या वाक्याला विशेषण शोधत होते तोवर दुसरी भाकरी तव्याला धरली. भाकरीला पूर्ण लक्ष लागतं, ती फॉर्मचीच बहीण आहे. मग चालता चालता मोबाइलमध्ये बोलून लिहायचा प्रयोग केला. मशीनला आमची बोली कळेना. ‘आज्जी जात्यावर बसली’ असं बोलले, तर ‘आजी जत्रेवर बसली’ असं उमटलं. वाक्य वाईट नाही, पण माझं नाही.

जातं शेवटी सापडलं ते नळात.

आमच्या भागात नळाला पाणी रोज येत नाही. पाच-सहा दिवसांनी येतं, आणि येतं ते बहुतेक रात्री. एक वाजता, दीड वाजता. आधी पाइपातून खोकल्यासारखी हवा येते, मग गढूळ धार, ती बादलीत सोडून द्यायची, मग चांगलं पाणी. पाइप हौदात सोडायचा. हौद भरला की मोटर लावून वरच्या टाकीत, तोवर पाइप बॅरलमध्ये, मग रांजण, मग घागरी, मग आत्याबाईंच्या हुकुमावरून दोन पातेली, कारण ‘पाण्याचं काय सांगता येत नाही’. हे सगळं दीड-दोन तास चालतं. झोपता येत नाही, कारण हौद सांडला तर सकाळी शेजाऱ्यांचं ऐकावं लागतं. आतला दिवा लावता येत नाही, लेकाची झोप मोडते. मोबाइल आतल्या खोलीत चार्जिंगला. मी असते, पायरी असते, वर झिरो बल्ब असतो आणि पाण्याचा एकसुरी आवाज. दर दहा मिनिटांनी उठून हौदात डोकवायचं, बस्स. एके रात्री सहज वही घेऊन बसले आणि हौद भरेपर्यंत दीड पान झालं होतं. पाल नाही, किराणा नाही. आज्जीच्या जात्यावरचं दीड पान.

तेव्हा आठवलं, की हे मी आधीही केलंय. 2016च्या उन्हाळ्यात धनेगावचं मांजरा धरण आटलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. एप्रिलमध्ये पहिली गाडी आली तेव्हा तिला 10 वाघिणी होत्या, 5 लाख लिटर पाणी. टीव्हीवाले गाडीकडं धावले, आम्ही टँकरकडं. घागरी रांगेत ठेवायच्या आणि आपण सावलीत उभं राहायचं. तास, दोन तास. लेक तेव्हा पाच वर्षांचा, घागरीवर बसून राखण करायचा. रांगेतल्या बायकांची भांडणं, समेट, कुणाच्या लेकीचं ठरलेलं लग्न पाण्यावाचून पुढं ढकललेलं. सगळं मी डोक्यात लिहीत होते आणि ऑफिसात जाऊन जुन्या हॉलतिकिटांच्या पाठीमागं उतरवत होते. आयुष्यात सगळ्यात जास्त लिहिलं ते त्या चार महिन्यांत. हे कुणाला सांगायची लाज वाटते. दुष्काळ बरा होता असं म्हणायला मी काही वेडी नाही. त्याच उन्हाळ्यात माहेरची दोन जनावरं विकावी लागली.

पण सवय लागली खरी. आता मी नळाची वाट वेगळ्याच कारणानं बघते. चौथ्या दिवशी डोक्यात काहीतरी घोळायला लागतं. पाचव्या दिवशी ऑफिसात एखाद्या पोराच्या बापाचं बोलणं ऐकते आणि मनात म्हणते, हे आज रात्री. आणि पाणी आलं नाही तर त्या बापाला आणखी एक दिवस सांभाळावं लागतं, तो तेवढा मुरतो. येळवशीच्या दिवशीही असंच झालं. मार्गशीर्षातली ही अमावस्या आमच्याकडं घरात बसून काढायची नसते. अख्खं लातूर रानात. ज्वारीच्या कोपीपुढं पांडवांची पूजा, भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे. नाव वेळ अमावस्या आणि दिवसभर कुणी घड्याळ बघत नाही. त्या दिवशी एक ओळही लिहिली नाही. पण आंबील पिऊन झाडाखाली पडल्या पडल्या ऐकलेलं एक म्हाताऱ्याचं बोलणं दोन पाण्यांनंतर वहीत आलं, तेही अख्खंच्या अख्खं.

काल रात्री एक चाळीसला पाइप खोकला. वही घेऊन बाहेर आले तर वरची पोरगी आधीच जिन्यात बसलेली, मांडीवर बॉटनी. तिच्या खोलीत उकडत होतं म्हणे. दोघी दोन पायऱ्यांवर, मधे झिरो बल्ब. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग तिनं विचारलं, ‘काकू, तुमची वेळ साडेचारची आहे ना?’

‘ती तू केलेली. ही माझी.’

‘मग मी चौकट बदलून देऊ का?’

‘कितीला करशील? एकला, दीडला, की येईल तेव्हा?’

तिनं पेन कानामागं खोवलं आणि गंभीरपणे विचार केला. या पोरीला खरंच उत्तर काढायचं होतं. ‘येईल तेव्हा असं वेळापत्रकात नाही लिहिता येत काकू,’ ती शेवटी म्हणाली आणि परत बॉटनीत गेली. मीही परत त्या जाळीपलीकडच्या बापात गेले. तो फीच्या पैशाची पिशवी शर्टाच्या आतून काढत होता, आणि मी लिहीत होते, की पिशवी बायकोनं शिवलेली होती, जुन्या नऊवारीच्या काठाची, आणि

‘काकू, हौद!’

पाणी अंगणात आलं होतं. चप्पल शोधेपर्यंत ते तुळशीपर्यंत गेलं. पाइप बॅरलमध्ये टाकला, मोटर लावली, रांजण विसळला, पातेली भरली, आणि सगळं उरकून पायरीवर आले तोवर तीन वाजले होते. वही तिनं उचलून जिन्यावर कोरडी ठेवली होती. वाक्य ‘आणि’पाशी थांबलंय. आता पुढचं पाणी मंगळवारी, फार तर बुधवारी.