टीव्ही ढिम्म? आधी एलईडी बघा

आर्डुइनोने (प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या सर्किट बोर्डाने) रिमोटसारखा टीव्ही चालवताना बरेच जण इन्फ्रारेड एलईडी (डोळ्यांना न दिसणारा प्रकाश देणारा दिवा) थेट बोर्डाच्या पिनला जोडतात आणि सिग्नल पोचला नाही की प्रोग्रॅम तपासत बसतात. प्रोग्रॅम बिचारा बरोबर असतो. पिनवरून २० मिलिअँपिअरच्या वर घेणं बरं नाही, आणि तेवढ्यात पल्ला तोकडा पडतो. मधे २एन२२२२ ट्रान्झिस्टर (पिनच्या थोड्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा भाग) घाला: त्याच्या बेस या पायाला १ किलोओहमचा रोधक, ९४० नॅनोमीटरच्या एलईडीला ५ व्होल्टवर ३३ ओहमचा. एलईडीला साधारण १०० मिलिअँपिअर प्रवाहाचे झटके मिळतात. (एलईडी सतत पेटता ठेवू नका.)

मूळ रिमोटचे कोड ३८ किलोहर्ट्झच्या इन्फ्रारेड रिसीव्हरने वाचून घ्या. सोनीची वाहक लहर (सिग्नल पाठवताना एलईडी ज्या वेगाने लुकलुकतो ती) मात्र ४० किलोहर्ट्झ, आणि तोच कोड तीनदा पाठवावा लागतो.

मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यात एलईडी जांभळट लुकलुकला तर जोडणी ठीक. मागचा कॅमेरा बरेचदा इन्फ्रारेड गाळून टाकतो.