ठेच्याचे दात

शनिवार, रात्री साडेदहा

आज पुन्हा अंगठा. भाकरी थापत होते, चुलत्याच्या घरचं देणं वसूल करायला आल्यासारखा ठेचा, आमचं तिसरं मांजराचं पिल्लू, मागून आला आणि डाव्या पायाचा अंगठा धरला. रक्त नाही, पण चार टोचे दिसतायत. हे नाव मीच ठेवलं, आता तक्रार कुणाकडे करू?

भुरा आणि काळी ही दोघं घरचीच म्हणायची. पाऊस पडला की परभणीत कूलर बंद होतात, आमच्या गच्चीवरच्या कूलरच्या गवतात भाटीनं पिल्लं घातली. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात. हिची दोनच झाली. गंगाखेड रोडवर गाडीखाली गेली. पिल्लांचे डोळे उघडले होते, पण अजून निळे. पहिल्या रात्री मी गायीचं दूध पाजलं आणि पहाटेपर्यंत फडकी धूत बसले. मांजराच्या पिल्लाला ते पचत नाही, त्यांची वेगळी पावडर मिळते, हे मला डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं. आता वाटलेलं उकडलेलं चिकन खातात. रोज सकाळी किराणा मोजायच्या काट्यावर बसवते. आठवड्याला शंभरेक ग्रॅम वाढ दिसली की माझा दिवस चांगला जातो.

ठेचा नंतर आला, एकटाच. शेजारच्या काकूंनी पिशवीतून आणला. आठ दिवस न्हाणीत वेगळा ठेवला, जंताचं औषध झालं, मग सोडला. आणि सोडल्या सोडल्या भुऱ्याच्या मानेवर.

मला वाटलं, हा मारतोय. उचलून परत न्हाणीत टाकला. असं तीन दिवस चाललं: जरा गुरकावलं की न्हाणी. ठेचा बाहेर आला की आधीपेक्षा जोरात चावायचा, आणि आता माझ्या पायांनाच.

सासूबाई बाजेवरून सगळं बघत होत्या. परवा म्हणाल्या, "काहून वेगळं काढतीस गं त्याला? मांजरीचे दात पिलाला लागत नाहीत म्हणतेत. पण ते दात कुठं लावायचे, कुठं नाही, हे त्याला शिकवणार कोण? तू?"

मी काही बोलले नाही. पण काल दुपारी मुद्दाम दार उघडं ठेवलं आणि हात बांधून बसले.

ठेच्यानं पाठीची कमान केली, शेपटी फुगवली, खेकड्यासारखा आडवा चालत आला. भुरा पाठीवर पडला, चारही पाय वर. मी याला शरण येणं समजत होते. खरं तर त्या अवस्थेत चारही पंजे आणि दात मोकळे असतात. दोघं गुरफटले. मिनिटभरानं भुरा वर, ठेचा खाली. मग पुन्हा उलटं. आवाज जवळजवळ नाही. खऱ्या भांडणात कान मागं चिकटतात, फिसकारणं, गुरगुरणं थांबत नाही आणि पाळी बदलत नाही. इथं पाळी बदलत होती. मध्येच ठेच्यानं जोरात धरलं. भुरा "चीं" करून उठला आणि पाठ फिरवून काळीजवळ जाऊन बसला. खेळ बंद. ठेचा तिथंच, मागचा भाग हलवत, बोलावत राहिला. कुणी आलं नाही.

संध्याकाळपर्यंत असं पाच-सहा वेळा झालं. शेवटच्या वेळी भुरा ओरडलाच नाही.

हे मला न्हाणीच्या दारातून शिकवता आलं नसतं. उलट आमच्या चिरंजीवांनी पहिल्या दिवसापासून चादरीखाली बोटं नाचवून त्याला माणसाचा हात म्हणजे उंदीर, हेच शिकवलं होतं. आजपासून बोटं बंद. काठीला सुतळीनं चिंधी बांधून दिलीय. सुतळी मात्र खेळ झाला की कपाटात, गिळली तर आतड्यात अडकते.

उद्या जिंतूर रोडचे पाहुणे येणार आहेत, त्यांना एकटा भुरा हवाय. दोन न्या म्हणून सांगणार आहे. नाही म्हणाले तर थोडे दिवस थांबा म्हणेन, तशीही अजून लहानच आहेत.

लिहिताना वर बघितलं. तिघं कूलरच्या खोक्यात. भुऱ्याचा कान ठेच्याच्या तोंडात आहे आणि भुरा घोरतोय.