एकच लॉगिन, कुठलाही पीसी: सांबा डिरेक्टरीची प्रगती-नोंद

सध्याची स्थिती अशी: गंगापूर रोडच्या अभ्यासिकेतला पहिला डोमेन कंट्रोलर, म्हणजे सगळ्यांची खाती आणि पासवर्ड एकाच ठिकाणी सांभाळणारा सर्व्हर, सुरू आहे; तो सांबा या मोफत सॉफ्टवेअरवर चालतो. उबुंटूचे सगळे पीसी आणि विंडोजचे दोन पीसी डोमेनमध्ये, म्हणजे या खात्यांच्या कक्षेत, आले आहेत. फायली वेगळ्या एनएफएस (नेटवर्कवरून फायली पुरवणाऱ्या) सर्व्हरवर आहेत. नाशिकरोडचा दुसरा कंट्रोलर वायरगार्डवरून (इंटरनेटवरच्या खाजगी बोगद्यातून) जोडायचा आहे, ते पुढच्या टप्प्यात.

अभ्यासिकेत मुलं रोज वेगळ्या टेबलावर बसतात. पीसीगणिक खाती काढली की पासवर्ड बदलताना तो सगळीकडे बदलावा लागतो, आणि सोडून गेलेल्याचं खातं कुठल्या तरी पीसीवर राहूनच जातं. डिरेक्टरी, म्हणजे सगळ्या खात्यांची एकच मध्यवर्ती यादी, हवी ती यासाठी. त्यातलं खाती काढण्याचं काम सगळ्यात सोपं. लॉगिन अडतं ते नावाचा पत्ता न लागल्यामुळे, घड्याळ चुकल्यामुळे किंवा यूआयडीचे (लिनक्समधल्या खात्याच्या क्रमांकाचे) आकडे न जुळल्यामुळे. म्हणून या नोंदीत भर या गोष्टींवरच आहे.

सांबा का निवडलं

नुसतं ओपनएलडॅप (फक्त डिरेक्टरीचा सर्व्हर) ठेवलं तर खात्यांची यादी आणि पासवर्ड तपासणी मिळते. कर्बेरोसची तिकिटं (एकदा पासवर्ड दिल्यावर मिळणारी तात्पुरती ओळखपत्रं), डीएनएसमधल्या (नावावरून पत्ता सांगणाऱ्या सेवेतल्या) नोंदी आणि विंडोजची जोडणी वेगळी उभारावी लागते. फ्रीआयपीए ही दुसरी तयार यंत्रणा लिनक्ससाठी उत्तम आहे, पण विंडोजचे पीसी त्यात थेट जोडता येत नाहीत आणि त्याला मेमरी बरीच जास्त लागते. सांबा ४.० डिसेंबर २०१२ मध्ये आलं तेव्हापासून ते ॲक्टिव्ह डिरेक्टरीचा (मायक्रोसॉफ्टच्या डिरेक्टरीचा) डोमेन कंट्रोलर म्हणून चालतं: एलडॅप (डिरेक्टरीला विचारण्याची पद्धत), कर्बेरोस आणि डीएनएस एकाच पॅकेजात. वापरलेला छोटा ऑफिस पीसी, ४ जीबी रॅम आणि १२० जीबी एसएसडी एवढ्यावर अभ्यासिकेचं काम आरामात निभतं. एक गोष्ट आधीच तपासा: विंडोजची होम आवृत्ती डोमेनमध्ये जोडता येत नाही, प्रो लागते. मुलांचे स्वतःचे लॅपटॉप बहुधा होमवरच असतात, त्यांना डोमेनच्या बाहेरच ठेवायचं.

डोमेनचं नाव

नाव नंतर बदलायचं म्हणजे जवळजवळ सगळं नव्याने उभारायचं, म्हणून इथे घाई नको. शेवटी 'लोकल' असलेलं नाव टाळा. ते मल्टिकास्ट डीएनएससाठी राखीव आहे आणि उबुंटूवरचं अवाही (जवळची यंत्रं शोधणारी सेवा) त्यात अडथळा आणतं. स्वतःचं विकत घेतलेलं डोमेन असेल तर त्याचं उपडोमेन घ्या. नसेल तर 'होम डॉट आर्पा'खालचं नाव घ्या. २०१८ च्या आरएफसी ८३७५ ने ते घरगुती नेटवर्कसाठीच ठेवलं आहे, आणि डीएनएससेक (डीएनएसच्या उत्तरावरची सही) तपासणारे, नावाचा पत्ता शोधणारे रिझॉल्व्हरही त्यावर अडत नाहीत. आमचं 'लॅब डॉट होम डॉट आर्पा' आहे. नेटबायॉस नाव (विंडोजमधलं डोमेनचं छोटं नाव) १५ अक्षरांच्या आत बसवा.

उबुंटू २४.०४ वर सांबा-एडी-डीसी, केआरबी५-युजर आणि बाइंड९-डीएनएसयुटिल्स ही पॅकेजं घातली. डोमेन उभारण्याआधीची तयारी अशी: सर्व्हरला कायमचा आयपी द्या. होस्ट्स फाइलमध्ये सर्व्हरचं पूर्ण नाव त्या आयपीला जोडा; उबुंटू ते १२७.०.१.१ ला जोडून ठेवतं, ती ओळ काढा. ती राहिली तर कंट्रोलर डीएनएसमध्ये स्वतःचा पत्ता चुकीचा नोंदवू शकतो. सिस्टमडी-रिझॉल्व्हडी (उबुंटूचं नावं शोधणारं साधन) डीएनएसचं ५३ क्रमांकाचं पोर्ट अडवून बसतं, त्याचा स्टब लिसनर बंद करा आणि रिझॉल्व्ह-कॉन्फ ही लिंक काढून तिथे साधी फाइल ठेवा. एसएमबीडी, एनएमबीडी आणि विनबाइंड या सांबाच्याच सुट्या सेवा बंद करून मास्क करा (म्हणजे त्या पुन्हा सुरू होणार नाहीत), सांबा-एडी-डीसी अनमास्क करा. जुनी एसएमबी-कॉन्फ (सांबाची सेटिंग फाइल) दुसऱ्या नावाने बाजूला ठेवा. ती जागेवर असेल तर उभारणी तिथेच अडते.

मग 'सांबा-टूल डोमेन प्रोव्हिजन', त्याला इंटरॅक्टिव्ह आणि यूज-आरएफसी२३०७ हे दोन पर्याय. दुसरा पर्याय विसरू नका, कारण पुढे यूआयडीचे आकडे त्याच्याच आधाराने ठेवायचे आहेत. संपल्यावर सांबाने बनवलेली कर्बेरोसची फाइल इटीसीमध्ये कॉपी करा. मग 'होस्ट' कमांडने एलडॅप आणि कर्बेरोसच्या एसआरव्ही नोंदी (कुठली सेवा कुठल्या सर्व्हरवर आहे ते सांगणाऱ्या) विचारून पाहा, आणि शेवटी ॲडमिनिस्ट्रेटरच्या नावाने 'केइनिट' (तिकीट मागणारी कमांड). एसआरव्हीचं उत्तर येत नसेल तर पुढे जाण्यात अर्थ नाही.

पीसींना डीएनएस म्हणून फक्त कंट्रोलरचाच पत्ता द्यायचा. 'बॅकअप असू दे' म्हणून दुसरा सार्वजनिक डीएनएस लिहिला की पीसी कधी त्यालाही विचारतो. 'असं नावच नाही' असं उत्तर येतं आणि लॉगिन मधूनमधून बिघडतं. हा दोष शोधायला फार अवघड, कारण दोन मिनिटांनी सगळं आपोआप चालू लागतं. बाहेरची नावं शोधण्यासाठी सांबातच डीएनएस फॉरवर्डर लिहितात. फायबरचा राउटर डीएनएस बदलू देत नसेल तर त्याचं डीएचसीपी (पीसींना आयपी आणि डीएनएसचे पत्ते वाटणं) बंद करून ते सर्व्हरवर घ्या.

वीज आणि घड्याळ

कर्बेरोसला दोन यंत्रांच्या घड्याळांत ५ मिनिटांपर्यंतचाच फरक चालतो. वळवाच्या पावसात वीज जाते-येते, तेव्हा हीच मर्यादा अंगावर येते. वीज आली की सर्व्हर मिनिटभरात उठतो. फायबरचा डबा आणि राउटर मागून येतात. जुन्या पीसीची सीएमओएस बॅटरी संपलेली असेल किंवा कंट्रोलर रास्पबेरी पाय ४ वर असेल (त्यात आरटीसी, म्हणजे वीज नसताना चालणारं घड्याळ, नाही), तर सर्व्हर जुन्या वेळेवर उठतो आणि सगळ्यांची तिकिटं नाकारतो. मुलांना मात्र पासवर्ड चुकल्यासारखंच दिसतं. जर्नलमध्ये 'क्लॉक स्क्यू टू ग्रेट' शोधा.

उपाय: सीआर२०३२ ही नवी बॅटरी घाला. पायवर डीएस३२३१चं घड्याळाचं मॉड्यूल लावत असाल तर त्याला चार्जिंगचं सर्किट आहे का ते पाहा. असेल तर साधी सीआर२०३२ घालू नका, चार्ज होणारी एलआयआर२०३२ घाला. राउटर आणि फायबरच्या डब्याला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावा. सर्व्हरच्या यूपीएसपेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो, कारण वेळ तिथूनच येते.

सांबा सुरू होण्याआधी घड्याळ जुळलेलं असावं म्हणून सेवेच्या ओव्हरराइडमध्ये एक्झेकस्टार्टप्रीला (सेवेच्या आधी चालणाऱ्या कमांडच्या जागी) 'क्रोनीसी वेटसिंक १८' दिलं आहे; क्रोनी ही घड्याळ जुळवणारी सेवा. ते दर १० सेकंदांनी एकदा, म्हणजे जास्तीत जास्त ३ मिनिटं पाहतं. कमांडच्या सुरुवातीला उणे चिन्ह लावल्यामुळे इंटरनेट आलंच नाही तरी सांबा शेवटी सुरू होतो. यात एक खाच आहे: सिस्टमडीची सुरुवातीची मुदत मुळात ९० सेकंदांची असते, म्हणून टाइमआउट-स्टार्ट-सेक ३०० करा. नाहीतर वाट पाहतानाच सेवा बंद पाडली जाते. विंडोजसाठी क्रोनीला सांबाच्या एनटीपी-साइनडी सॉकेटचा रस्ता द्यावा लागतो, आणि तो फोल्डर क्रोनीच्या ग्रुपला वाचता आला पाहिजे.

पीसी जोडणं

उबुंटूवर 'रेल्म जॉइन' दोन मिनिटांचं काम आहे, पण कुणीही लॉगिन करण्याआधी एसएसएसडीची (डोमेनची खाती लिनक्सला पुरवणाऱ्या सेवेची) फाइल नीट करा. रेल्मडी पूर्ण नावाचा आग्रह चालू ठेवतं आणि होम फोल्डरच्या नावात ॲट चिन्हासह डोमेन घालतं. पूर्ण नावाची अट बंद करा, फॉलबॅक होमडिरमधून डोमेन काढा. पहिल्या लॉगिननंतर हे बदललं तर जुने फोल्डर तसेच पडून राहतात. फाइल रूटच्या मालकीची आणि ०६०० परवानगीची ठेवा. होम फोल्डर आपोआप तयार व्हायला 'पॅम-ऑथ-अपडेट'मध्ये एमकेहोमडिर चालू करा.

पासवर्ड बरोबर, घड्याळ बरोबर, तरी 'सिस्टम एरर' येत असेल तर एसएसएसडीचं जीपीओ नियंत्रण (ग्रुप पॉलिसीवरून लॉगिनची परवानगी तपासणं) पाहा. सिसव्हॉल (कंट्रोलरवरचं पॉलिसीच्या फायलींचं फोल्डर) वाचता आलं नाही तर ते लॉगिनच नाकारतं. तात्पुरतं 'परमिसिव्ह' करून खात्री करा, मग सिसव्हॉलच्या परवानग्या दुरुस्त करा.

प्रत्येक पीसीवर एक स्थानिक ॲडमिन खातं ठेवाच, आणि त्याचं नाव डोमेनमधल्या कुठल्याही खात्याशी जुळू देऊ नका. नावं शोधताना आधी स्थानिक फायली पाहिल्या जातात, त्यामुळे एकसारखं नाव असलं की डोमेनचं खातं झाकलं जातं.

यूआयडीचे आकडे

या कामात सगळ्यात जास्त विचार इथे लागतो. उबुंटूवर पहिलं खातं १००० क्रमांकाचं असतं. प्रत्येक पीसीवरचं १००० वेगळ्या माणसाचं, पण एनएफएसच्या लेखी तो एकच माणूस.

एसएसएसडी स्वतः आकडे काढू शकतं. डोमेनच्या एसआयडीवरून (विंडोजच्या पद्धतीच्या ओळखक्रमांकावरून) ते २,००,००० पासून पुढच्या आकड्यांत २,००,००० चा एक पट्टा निवडतं आणि खात्याचा शेवटचा क्रमांक त्यात मिळवतं. सेटिंग सारखी असेल तर प्रत्येक पीसीवर उत्तर एकच येतं. सोपं आहे आणि घरच्या लॅबला चालतं. पण विनबाइंडचा (हेच काम करणाऱ्या सांबाच्या सेवेचा) हिशेब वेगळा, कंट्रोलरवर दिसणारे ३० लाखांच्या पुढचे आकडे आणखी वेगळे. उद्या फाइल सर्व्हर विनबाइंडवर नेला तर डिस्कवरच्या सगळ्या फायली अनोळखी मालकाच्या होतात.

म्हणून आकडे डिरेक्टरीतच लिहून ठेवायचे असं ठरवलं. खाती १०००० पासून, ग्रुपही १०००० पासून, एसएसएसडीमध्ये एलडॅप आयडी मॅपिंग बंद. खातं काढताना 'सांबा-टूल युजर क्रिएट'ला यूआयडी-नंबर, जीआयडी-नंबर, एनआयएस-डोमेन, लॉगिन-शेल आणि युनिक्स-होम हे सगळे पर्याय द्यावे लागतात. सांबा पुढचा मोकळा आकडा स्वतः देत नाही, त्याची वही आपणच ठेवायची. आकडा द्यायचा राहिला तर ते खातं लिनक्सवर दिसतच नाही, 'आयडी' कमांड सरळ 'असा कुणी नाही' म्हणते. मॅपिंगची सेटिंग बदलल्यावर एसएसएसडी थांबवून त्याच्या डीबी फोल्डरमधल्या फायली काढा. नुसतं रीस्टार्ट करून जुने आकडे जात नाहीत. कंट्रोलरवर फायली ठेवायचा मोह टाळा.

एनएफएस साध्या सिस पद्धतीने ठेवलं तर पीसी सांगेल तो यूआयडी सर्व्हर खरा मानतो. ज्याला एका पीसीवर रूट मिळालं त्याला सगळ्यांचे फोल्डर मिळाले. अभ्यासिकेसारख्या खुल्या जागी केआरबी५पी (कर्बेरोसने ओळख पटवून मजकूर कूटबद्ध पाठवणं) हवंच. त्यात एक अडचण येते: तिकिटाची मुदत १० तासांची. सकाळी ७ ला बसलेल्या मुलाला संध्याकाळी ५ नंतर स्वतःचंच फोल्डर 'परमिशन डिनाइड' म्हणतं. एसएसएसडीमध्ये रिन्यूएबल लाइफटाइम ७ दिवस आणि रिन्यू इंटरव्हल ६० मिनिटं केलं की तिकीट मागच्या मागे नवं होत राहतं.

खात्यांची नावं

एका बॅचमध्ये पाटील, पवार, जाधव, गायकवाड अनेक. शिवाय लग्नानंतर आडनाव बदलू शकतं. म्हणून लॉगिनच्या नावात आडनाव नको. पहिलं नाव आणि प्रवेश क्रमांक पुरे. लॉगिननावाला २० अक्षरांची मर्यादा आहे. डिस्प्ले-नेम मात्र देवनागरीत ठेवा, व्यवस्थित चालतं. स्वतःचं नाव आपल्या लिपीत दिसावं एवढं तर प्रत्येकाला मिळालंच पाहिजे. जेकॉस हा रकाना देवनागरी घेत नाही, तो रिकामा सोडा.

पासवर्डचे नियम मुळात असे असतात: किमान ७ अक्षरं, ४२ दिवसांनी मुदत संपते, आणि एकदा बदलल्यावर एक दिवस पुन्हा बदलता येत नाही. ही शेवटची अट पहिल्याच दिवशी नडते, ती ० करा. ४२ दिवसांची सक्ती काढून किमान लांबी १२ केली आहे. सक्तीने मुलं पासवर्ड कागदावर लिहून कीबोर्डखाली ठेवतात.

सोडून गेलेल्याचं खातं काढून टाकू नका, डिसेबल करा. त्याच नावाने पुन्हा नवं उघडलं तरी एसआयडी नवा मिळतो. आणि एक महत्त्वाचं: एसएसएसडीने पासवर्ड साठवलेला असेल तर कंट्रोलर बंद असताना डिसेबल केलेलं खातंही त्या पीसीवर लॉगिन करू शकतं, कारण साठवणीची मुदत मुळात अमर्याद असते. ऑफलाइन क्रेडेन्शियल्स एक्स्पिरेशन २ दिवस ठेवलं आहे.

इतर सेवा

नेक्स्टक्लाउडसारख्या (फायली साठवण्याच्या) सेवा एलडॅपवरून जोडताना ३८९ च्या पोर्टवर साधा बाइंड (कूटबद्ध न केलेला पासवर्ड देऊन लॉगिन) केला तर सांबा 'स्ट्राँगर ऑथेंटिकेशन रिक्वायर्ड' म्हणून नाकारतो. ते योग्यच आहे, ही सेटिंग ढिली करू नका. ६३६ चं कूटबद्ध पोर्ट वापरा. सांबाने स्वतः बनवलेलं प्रमाणपत्र ७०० दिवसांनी संपतं आणि आपोआप नवं होत नाही. त्याऐवजी स्वतःच्या छोट्या सीएचं (प्रमाणपत्रं देणाऱ्या यंत्रणेचं) बसवा. शोधासाठी फक्त वाचण्याचे हक्क असलेलं वेगळं खातं द्या, ॲडमिनिस्ट्रेटर कधीही नाही. प्रत्येक सेवेत रिकामा पासवर्ड टाकून पाहा: एलडॅपमध्ये नाव दिलं आणि पासवर्ड रिकामा असला तर सर्व्हर तो निनावी बाइंड धरून होकार देऊ शकतो, आणि बेफिकीर लिहिलेली सेवा त्याला यशस्वी लॉगिन समजते.

नाशिकरोडसाठी तयारी

वायरगार्डचा एमटीयू (पाकिटाचा कमाल आकार) पीपीपीओईच्या (इंटरनेट जोडणीच्या पद्धतीच्या) १४९२ मधून ८० वजा करून १४१२ ठेवायचा. कर्बेरोसची मोठी यूडीपी पाकिटं वाटेत तुटू नयेत म्हणून क्लायंटवर यूडीपी प्रेफरन्स लिमिट १, म्हणजे सगळं टीसीपीवर. दोन्ही टोकं सीजीनॅटमागे (एकच सार्वजनिक आयपी अनेक ग्राहकांत वाटलेला) असतील तर मधे सार्वजनिक आयपीचा सर्व्हर लागेल. दोन्ही जागांचे सबनेट वेगवेगळे ठेवून सांबात दोन साइट नोंदवायच्या, नाहीतर नाशिकरोडचा पीसी लॉगिनसाठी गंगापूर रोडला येईल.

सांबा सिसव्हॉलची नक्कल दुसऱ्या कंट्रोलरवर पाठवत नाही. पहिल्याची आयडीमॅप फाइल (आकड्यांची जुळवणी ठेवणारी) दुसऱ्यावर नेणं, 'नेट कॅश फ्लश', मग सिसव्हॉल आरसिंक या कॉपी करणाऱ्या साधनाने एकाच दिशेने, आणि शेवटी सिसव्हॉलरिसेट (परवानग्या पूर्ववत करणारी कमांड), हा क्रम पाळायचा. ग्रुप पॉलिसी बदलायची ती नेहमी पहिल्यावरच.

बॅकअप 'सांबा-टूल डोमेन बॅकअप'नेच घ्यायचा. व्हर्च्युअल मशीनचा जुना स्नॅपशॉट परत आणणं हा बॅकअप नव्हे: दोन कंट्रोलर असताना एक मागे गेला की त्याचे बदलक्रमांक दुसऱ्याने पाहिलेल्या क्रमांकांमागे पडतात आणि मधले बदल कायमचे हुकतात. पीसीचा स्नॅपशॉटही जपून वापरा. कॉम्प्युटर खात्याचा पासवर्ड ३० दिवसांनी बदलतो, त्याआधीचा स्नॅपशॉट आणला तर तो पीसी पुन्हा जोडावा लागतो. रिस्टोअर नेहमी नव्या नावाच्या कंट्रोलरवर होतो, तेव्हा एक न वापरलेलं नाव आणि आयपी आत्ताच वहीत लिहून ठेवा. रिस्टोअरची रंगीत तालीम वेगळ्या, मुख्य नेटवर्कपासून तोडलेल्या स्विचवर करायची. ती झाल्याशिवाय नाशिकरोडचा कंट्रोलर जोडणार नाही.