बासला जड डिस्टॉर्शन: गेनच्या आधी ब्लेंड बघा

घरात बास गिटार एकट्याने वाजवताना जे डिस्टॉर्शन (सिग्नल मुद्दाम मोडून केलेला खरखरीत आवाज) सगळ्यात भारी वाटतं, तेच बहुतेक वेळा बँडमध्ये सगळ्यात आधी बुडतं. गिटारवाल्याचं पेडल उसनं आणून बासला लावा, गेन, म्हणजे सिग्नल किती फुगवायचा तो नॉब, पूर्ण फिरवा, छोट्या अँपवर आवाज दात-ओठ खात अंगावर येतो. मग ड्रम आणि दोन गिटार सुरू झाल्या की बासच्या जागी नुसती भुरभुर उरते. पेडल बिघडलेलं नसतं, बासही ठीक असतो. ते पेडल ज्या पट्टीसाठी बांधलंय ती पट्टीच वेगळी आहे.

गिटारची जाड ई तार ८२ हर्ट्झवर वाजते. बासची ई बरोबर निम्म्यावर, ४१ हर्ट्झ. पाच तारांच्या बासची बी ३१ वर. गिटारचं पेडल बनवणारा खालचा भाग क्लिपिंगच्या (लाटेचा माथा कापून आवाज मोडण्याच्या) आधी मुद्दाम छाटतो, नाहीतर गिटारचाच चिखल होतो. उदाहरणार्थ ट्यूब स्क्रीमर हे गिटारचं गाजलेलं पेडल. क्लिपिंगच्या टप्प्यात ४.७ किलोओहमचा रेझिस्टर आणि ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर एकापाठोपाठ आहेत. या जोडीचा हिशेब ७२० हर्ट्झवर येतो. त्याच्या वर भरपूर गेन, खाली उतराल तसा कमी कमी. ड्राइव्ह, म्हणजे त्याचा गेनचा नॉब, पूर्ण असला तरी ४१ हर्ट्झला जास्तीत जास्त गेनच्या सुमारे सतरावा हिस्साच मिळतो. बास पातळ होतो तो इथे.

मग खालचा भाग न छाटता सगळाच क्लिपिंगला दिला तर? तेही फसतं. बासच्या लाटेत सगळ्यात मोठा वाटा खालच्या सुराचा. ती लाट माथ्यावर कापली गेली की तिच्यावर स्वार झालेले वरचे सूरही तिच्याबरोबर कापले जातात. पाम म्यूट, म्हणजे तळव्याने तार दाबून छेडलेला सूर, ‘ठक्’ असा यायला हवा, तो ‘फस्स’ असा येतो. दोन तारा एकत्र छेडल्या तर नुसती गुरगुर.

यातून वाट एकच. खालचा सूर स्वच्छ ठेवायचा, वरचा भाग मनसोक्त मोडायचा आणि शेवटी दोन्ही एकत्र करायचे. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याची जवारी लावणारा कारागीर हाच तोल कानाने सांभाळत असतो. घोडीचा माथा घासून वरचे स्वर उमलवायचे, पण जवारी जास्त खुली झाली की आवाज चिरका होतो आणि मूळ षड्ज हरवतो. बासच्या पेडलवर हे काम ब्लेंड नावाचा नॉब करतो. ब्लेंड नसलेलं जड डिस्टॉर्शन बाससाठी घेऊ नये, किंवा घेतलं तर ब्लेंडची सोय बाहेरून करायची तयारी ठेवावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

ब्लेंड आहे म्हणजे प्रश्न सुटला असंही नाही. काही पेडलांत मोडलेला सिग्नल उलट्या फेजमध्ये, म्हणजे लाटेचा माथा खाली आणि तळ वर होऊन, बाहेर पडतो. तो स्वच्छ सिग्नलमध्ये मिसळला की खालचे सूर एकमेकांना खातात. तपासायला अर्धं मिनिट लागतं. ई तार मोकळी वाजवत ठेवा आणि ब्लेंड एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. दोन्ही टोकांना बास भरलेला आणि मधेच कुठेतरी पोकळ होत असेल, तर फेज उलटी आहे. एकाच पेडलमध्ये असं झालं तर ते परत करा. बाहेरच्या मिक्सरवर किंवा वेगळ्या ब्लेंडर पेडलवर झालं तर फेज उलटवायचं बटण दाबून काम भागतं. डिजिटल मल्टिइफेक्ट अशा समांतर वाटेत टाकलं तर वेगळीच अडचण येते. त्याला सिग्नल बाहेर काढायला थोडा वेळ लागतो. हा उशीर २ मिलिसेकंदांचा असेल तर २५० हर्ट्झपाशी सरळ खड्डा पडतो, आणि बासचा गर नेमका तिथेच असतो. म्हणून मल्टिइफेक्ट वापरत असाल तर ब्लेंडही त्याच्या आतच करा.

आता पेडलांकडे. डार्कग्लास ही फिनलंडमधल्या हेलसिंकीची कंपनी, आणि आजच्या मेटल बासचा जो ओळखीचा आवाज आहे तो बराचसा तिच्या बी३के, बी७के या पेडलांनी रुजवला. ब्लेंड आहेच, शिवाय ‘ग्रंट’चं बटण किती खालचा भाग क्लिपिंगला जाऊ द्यायचा ते ठरवतं आणि ‘अटॅक’चं बटण वरच्या भागाचं तेच करतं. ड्रॉप ट्युनिंगमध्ये (जाड तार नेहमीपेक्षा खाली उतरवलेली असताना) ग्रंट सगळ्यात कमीवर ठेवून बघा. नावावरून सगळे ते जास्तीवर ढकलतात आणि मग पाम म्यूट सुटा येत नाही म्हणून तक्रार करतात. अल्फा ओमेगा त्याच घरातलं, पण त्यात दोन वेगळी क्लिपिंग सर्किटं एकमेकांत मिसळता येतात. घट्ट, वेगवान रिफ वाजवायचे असतील तर माझा कौल या घराण्याला. किंमत मात्र खिशाला चांगलीच चाट लावते.

बॉस ओडीबी-३ ला नावं ठेवायची फॅशन आहे. त्यातलं निम्मं सेटिंगमुळे आहे. गेनचा नॉब घड्याळाच्या काट्यासारखा धरला तर तो बारा वाजण्याच्या पुढे नेला की आवाज कोरडा आणि करकरीत होतो, आणि त्याच्या दुहेरी नॉबवरचा हाय वर ठेवला तर कान फाटतो. गेन नऊ-दहा वाजता, हाय नऊच्या आसपास, बॅलन्स (यातला ब्लेंड) अर्ध्यावर असं लावलं तर ते कामाचं पेडल आहे. बेरिंजर बीओडी४०० त्याच धर्तीचं, स्वस्त, पण प्लास्टिकच्या डब्यात.

बिग मफ हा वेगळाच प्राणी. गेन अफाट, सूर लांबतो, डूम आणि स्टोनर या संथ, जड मेटल-रॉकच्या प्रकारांसाठी अगदी योग्य. पण मूळ सर्किट १ किलोहर्ट्झच्या आसपास खड्डा पाडतं, आणि गिटारवाल्यानेही मिड (मधले सूर) कापलेले असतील तर बास कुठेच ऐकू येत नाही. घ्यायचाच तर बाससाठीचा बिग मफ घ्या, त्यात स्वच्छ सिग्नल सोबत सोडायचं बटण आहे. बॉसच्या एचएम-२ या पेडलचं तसंच. सगळे नॉब पूर्ण फिरवले की स्वीडिश डेथ मेटलची ती करवत मिळते, पण ब्लेंड नाही. बाहेरून स्वच्छ सिग्नल जोडल्याशिवाय बासवर तिला हात लावू नका. रॅट या पेडलचं मला कौतुक वाटतं. त्याच्या गेनच्या टप्प्यातली एक वाट ६० हर्ट्झपर्यंत खाली उतरते, त्यामुळे तो ट्यूब स्क्रीमरइतका बास खात नाही. फिल्टरचा नॉब घड्याळाच्या दिशेने फिरवला की वरचा भाग कमी होतो, हे माहीत नसल्याने अनेकजण तो उलटाच लावतात.

ब्लेंड नसलेल्या पेडलला स्वस्तातली सोय म्हणजे छोटा मिक्सर. बासचा सिग्नल दोन वाटांत फोडायचा. एक थेट पहिल्या चॅनलला, दुसरी पेडलमधून दुसऱ्या चॅनलला. पहिल्यावर ट्रेबल पूर्ण खाली, दुसऱ्यावर लो पूर्ण खाली. मात्र पॅसिव्ह (बॅटरी नसलेला) बास सरळ मिक्सरच्या लाइन इनपुटला लावला तर आवाज मंद आणि मेलेला येतो, कारण त्या इनपुटचा इम्पिडन्स पिकअपला झेपत नाही. सिग्नल फोडण्याआधी मध्ये एक बफर, म्हणजे पिकअपवरचा भार हलका करणारं सर्किट, हवा. बॉसचं कुठलंही साधं पेडल, वीज जोडलेली असेल तर, पायाने बंद केलेलं असतानाही बफरचंच काम करतं. ते आधी जोडा, मग फोडा.

हाताला सोल्डरिंगची सवय असेल तर ट्यूब स्क्रीमरच्या धर्तीच्या पेडलमध्ये एकच भाग बदलून बराच फरक पडतो. तो ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर काढून ०.२२ चा बसवा, ७२० हर्ट्झची सीमा सुमारे १५४ वर येते. ०.४७ बसवला तर ७२ वर येते, पण तिथे पुन्हा फसफस सुरू होते. मला ०.२२ वरच थांबणं बरं वाटतं. इनपुटचा कपॅसिटर बदलायची गरज नाही, तो बासचे सूर आधीच जाऊ देतो. मायलर किंवा पॉलिएस्टर फिल्मचा घ्या. टीव्ही-रेडिओचे सुटे भाग विकणाऱ्या कुठल्याही दुकानात मिळतो. फक्त आकार बघून घ्या, मोठा असेल तर झाकण बसत नाही.

सेटिंग लावायचं ते ड्रमरसोबत आणि खऱ्या आवाजात. सगळे टोन बारा वाजता. ब्लेंड पूर्ण स्वच्छवर ठेवून वाजवा, मग पूर्ण मोडलेल्यावर, आणि पेडल चालू-बंद करताना आवाजाची पातळी सारखी येईल असा लेव्हल लावा. ही पायरी वगळू नका, कारण मोठा आवाज कानाला नेहमीच चांगला वाटतो आणि पेडल विकणारा हे ओळखून असतो. मग ब्लेंड अर्ध्यावर आणून ई तारेवर पाम म्यूटचा सलग रिफ वाजवा आणि गेन हळूहळू वाढवा. ज्या ठिकाणी प्रत्येक ठोक्याची सुरुवात पुसट होते, तिथून गेन थोडा मागे घ्या. तुमचा गेन तोच. एकट्यात तो कमी वाटेल, वाटू द्या. शेवटी ८०० हर्ट्झ ते दीड किलोहर्ट्झचा भाग थोडा वाढवा. गिटारच्या भिंतीतून बास बाहेर येतो तो याच फटीतून.

ड्रॉप सीमध्ये जाड तार ३२.७ हर्ट्झवर उतरते. ४५-१०५ चा तारांचा सेट (हे आकडे सगळ्यात बारीक आणि सगळ्यात जाड तारेची जाडी सांगतात) तिथे लोंबकळतो, जोरात छेडल्यावर सूर आधी चढतो मग उतरतो, आणि डिस्टॉर्शन हे वेडंवाकडं दहापट करून दाखवतं. निदान ५०-११० घ्या, त्याहून जाड मिळाल्यास उत्तम.

घुमणाऱ्या हमबद्दल, म्हणजे विजेमुळे येणाऱ्या घूं आवाजाबद्दल, एक गंमत आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. ई तारेवर तिसऱ्या फ्रेटचा जी ४९ हर्ट्झ, मोकळी जी तार ९८. म्हणजे विजेची ५० आणि १०० हर्ट्झची घूं बासच्या जी सुराला अगदी खेटून बसते, आणि इक्यूने ती काढायला गेलात तर सूरही जातो. ती उगमाशीच थांबवायची. पेडलला आयसोलेटेड (प्रत्येक पेडलला वेगळी वाट असलेला) पॉवर सप्लाय द्या, दोन सिंगल कॉइल पिकअप असतील तर दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडे ठेवा, नॉइज गेट (वाजवत नसताना आवाज बंद करणारं पेडल) डिस्टॉर्शनच्या नंतर लावा. बहुतेक पेडलांना ९ व्होल्ट लागतात आणि पिनच्या मधल्या भागाला ऋण टोक. सीसीटीव्हीचा अडॅप्टर हुबेहूब तशाच पिनचा असतो, पण १२ व्होल्टचा आणि मधे धन. घाईत तो खुपसला की पेडल जळू शकतं. अडॅप्टरवरचं चिन्ह वाचल्याशिवाय जोडू नका.

स्टेजवर आणखी एक घोळ होतो. सांगली-साताऱ्याकडे साउंडवाल्याचा बराच सीझन गणपतीतल्या डॉल्बीवर जातो. बास म्हटलं की त्याचा हात आपसूक ६० हर्ट्झ वाढवायला जातो. चेकच्या वेळी नीट सांगा, ‘दादा, ४० च्या खाली कट द्या, ६० ला हात लावू नका, वरचा आवाज ५ हजाराच्या पुढे कापा.’ ते शेवटचं फार महत्त्वाचं. मोडलेला सिग्नल स्पीकर कॅबिनेटशिवाय थेट डीआयने (बास मिक्सरला जोडणाऱ्या डबीने) मिक्सरला गेला की पीएच्या, म्हणजे प्रेक्षकांकडच्या स्पीकरच्या, ट्वीटरमधून गांधीलमाश्यांचं मोहोळ उठतं. सॅन्सअँप बास ड्रायव्हर या पेडलमध्ये स्पीकरचा नमुना आतच असतो, म्हणून छोट्या कार्यक्रमांना, जिथे बास अँप मिळेल याची खात्री नसते, तो एकटा पुरतो. तेवढा जड मात्र होत नाही. घरच्या कॅबिनेटलाही ट्वीटर असेल तर तो बंद करून बघा.

जुनं पेडल घेणार असाल तर बॅटरीचा कप्पा उघडून हिरवा-पांढरा थर बघा, प्रत्येक नॉब वाजवत फिरवा, जॅक हलवून आवाज तुटतो का ते ऐका. पावसाळ्यात पॉट (नॉबखालचे फिरते रेझिस्टर) खरखरतात, ते कॉन्टॅक्ट क्लीनरच्या एका फवाऱ्याने सुटतं. फूटस्विच दोनदा दाबल्यावर एकदाच लागत असेल तर तो बदलावा लागणार, तेवढे पैसे किमतीतून कमी करून घ्या.