रॅम, डिस्क, ग्राफिक्स : तिघांचा हिशेब एकत्रच

डीटीपीचा (संगणकावर छपाईची पानं जुळवण्याचा) घरगुती धंदा केल्यामुळे गिरगावातल्या आमच्या घरात तीन जुने संगणक साठलेत. ८१५ चिपसेटचा (चिपसेट म्हणजे बोर्डवरचे भाग जोडणाऱ्या मुख्य चिपा) पेन्टियम थ्री, ८६५जीचा पेन्टियम फोर आणि जी३१ बोर्डवरचा कोअर टू डुओ. तिन्ही चालू आहेत. जुन्या मशीनची तुलना करताना रॅमचा आकडा वेगळा, डिस्कचा वेगळा, ग्राफिक्सचा वेगळा मांडतात, ते मला मुळीच पटत नाही. हे तिघे एकमेकांच्या ताटातलं खातात.

पेन्टियम थ्रीचंच बघा. पीसी१३३ जातीची रॅम कागदावर सेकंदाला १०६६ एमबी देते. ऑनबोर्ड, म्हणजे बोर्डवरच असलेल्या, ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नाही, तो याच रॅममधून पडदा वाचतो. १०२४ बाय ७६८, ३२ बिट रंग म्हणजे एक पडदा ३ एमबीचा. सीआरटी (जुना काचेच्या नळीचा मॉनिटर) ७५ हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ७५ वेळा पडदा रंगवायला लावला, की सेकंदाला सुमारे २३६ एमबी नुसतं चित्र टिकवण्यात जातात. पाचव्या हिश्शाहून जास्त! आणि मेमटेस्ट या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रॅममध्ये हे दिसत नाही, कारण तो साध्या अक्षरी पडद्यावर चालतो. लॅमिंग्टन रोडवरून सेकंड हॅन्ड एजीपी कार्ड (स्वतःची मेमरी असलेलं वेगळं ग्राफिक्स कार्ड) आणून बसवलं, तेव्हा कोरलड्रॉमधली पत्रिका सरकवताना फरक लगेच जाणवला. गेम खेळायला नव्हतंच ते कार्ड.

८६५जीवर डीडीआर४०० रॅमच्या सारख्या दोन स्टिक (पट्ट्या) जोडीने लावा. सेकंदाला ३२०० एमबीचे ६४०० होतात, आणि ८०० मेगाहर्ट्झच्या एफएसबीला (प्रोसेसरकडे जाणाऱ्या रस्त्याला) तेवढेच लागतात. म्हणून ५१२ एमबीची एक घेण्यापेक्षा २५६ च्या दोन घ्याव्यात. कोअर टू डुओत डीडीआर२-८०० ची जोडी १२८०० देते. माझ्या प्रोसेसरची एफएसबी त्यातले ६४०० च उचलते, उरलेलं नॉर्थब्रिजमधल्या (रॅम सांभाळणाऱ्या चिपमधल्या) ग्राफिक्सला मिळतं. तिथे ऑनबोर्ड फारसं खुपत नाही.

आता डिस्क. केबल जुनी एटीए/१०० असो की नवी साटा, ७२०० आरपीएमची तबकडी एका फेरीला ८.३ मिलिसेकंद घेते. सरासरी अर्धी फेरी थांबायचं, वर हेड सरकायला आठ-नऊ मिलिसेकंद. विखुरलेली वाचनं सेकंदाला जेमतेम ७५-८०. ए४ चा रंगीत स्कॅन ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) १०० एमबीच्या वर जातो. १२८ एमबी रॅमवर तो उघडला, की विंडोज एक्सपी रॅममध्ये न मावणारं डिस्कवर लिहायला लागते आणि सगळं मशीन त्या ७५-८० च्या चालीने चालतं. त्यामुळे डिस्क मंद आहे अशी तक्रार आली, की मी आधी टास्क मॅनेजरमध्ये मोकळी रॅम बघते.

पेन्टियम फोरच्या बोर्डवर साटा आहे, त्यावर लहान एसएसडी (तबकडी नसलेली, चिपची डिस्क) लावायचा विचार आहे. पेन्टियम थ्रीला मात्र रॅमच हवी. ८१५ बोर्ड ५१२ एमबीपर्यंत घेतो, माझ्याकडे २५६ च आहेत. कुणाकडे पीसी१३३ ची २५६ ची स्टिक पडून असेल तर जरूर कळवा.