पणजीत दोघांचं जेवण रोज 700 रुपयांत (पहिला दिवस सोडून)

जुलैत रूम स्वस्त मिळते एवढं एकच डोकं चालवून आईला घेऊन चार दिवस पणजीला गेलो. जेवणाचं बजेट दोघांचं मिळून दिवसाला 700. आणि पहिल्याच दिवशी, रविवारी, वाट लागली. फिरून फिरून दुपारी साडेतीनला बीचजवळच्या एका हॉटेलात शिरलो, भूक एवढी की मेन्यूत सुरमईपुढे रेटच नाही, नुसतं 'साइझप्रमाणे' लिहिलंय, हे दिसूनही विचारलं नाही. बिल आलं 1,640. आई म्हणाली, एवढ्यात मी आठवडाभर तुम्हा सगळ्यांना मासे घातले असते. त्यात 1 जून ते 31 जुलै गोव्यात यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, म्हंजे ऐन पावसात ताजी सुरमई कुठून येणार, हे मला नंतर कळलं.

रात्री लॉजवाल्या काकांजवळ रडगाणं गायलं तर ते हसायलाच लागले, 'साडेतीनांक हांगा कोण जेवता?' मग त्यांनीच सगळं सांगितलं. सकाळी भाजी-पाव, दुपारी साडेबारा ते अडीचमध्ये थाळी, मग शहर झोपतं, दुकानं पण बंद, आणि पुढचं खाणं संध्याकाळी गाड्यावर. मधल्या वेळात भूक लागली की उघडं सापडतं ते बहुतेक टुरिस्टांसाठीचंच.

दुसऱ्या दिवशीपासून आम्ही घड्याळ लावूनच खाल्लं. सकाळी नऊला कॅफे भोंसले. तिथे पावभाजी मागू नका हां, आपली मुंबईची लाल लगदा पावभाजी वेगळी, इथे पातळ भाजी, सुकी भाजी नाहीतर मिक्स, सोबत पाव, बन्स (केळं घातलेल्या पुऱ्या), मिर्ची. आईने गोडसर बन्स पातळ भाजीत बुडवून खाल्ला आणि मग रोज तेच. दोघांचे चहासकट 110.

त्या दिवशी आईचा सोमवार, मला वाटलं आता हिच्यासाठी हॉटेल शोधत फिरावं लागणार, पण इथल्या बऱ्याच हिंदू घरांत सोमवारी मासे नसतात त्यामुळे शाकाहारी खाणावळीतच जास्त गर्दी होती. थाळी 130. त्यात खतखतं होतं, सात-आठ भाज्या, तुरीची डाळ, ओलं खोबरं आणि वर तिरफळ, ते दाताखाली आलं की जीभ बधिर. आईला आवडलं, मला नाही.

मंगळवारी मच्छी थाळी 180ला, आता बंदीमुळे मासा कसा मिळेल तसा, म्हणून आधीच विचारलं, 'थाळीत काय येतं आणि फ्राय वेगळा किती?' हे एक वाक्य पाठ करून ठेवा. वाढणारा म्हणाला बांगडा आहे पण बर्फातला, नका घेऊ. प्रामाणिक माणूस! मग हुमण (माशांची आमटी), भात, सोलकढी आणि सुक्या सुंगटांची किस्मूर यावरच भागवलं, आणि ती किस्मूर, म्हंजे भाजलेली सुकी कोळंबी, कांदा, खोबरं, त्यापुढे ती 1,640ची सुरमई काहीच नव्हती.

संध्याकाळी रस ऑम्लेट. छत्री धरून गाड्यापाशी उभं राहायचं, तो दोन अंड्यांचं ऑम्लेट ताटलीत टाकतो, त्यावर शागुतीचा, म्हंजे खोबरं-मसाल्यातल्या चिकनचा, रस पळीने ओततो, कच्चा कांदा, लिंबू, दोन पाव. आई मंगळवारी आधी 'रस्त्यावरचं नको' म्हणाली आणि मग माझ्याच ताटलीत पाव बुडवून निम्मा रस तिनेच संपवला.

पलीकडच्या बेतीला जाणारी फेरीबोट पायी जाणाऱ्यांना फुकट आहे म्हणून जेवण जिरवायला दोनदा उगीचच मांडवी नदी ओलांडली.

दुसऱ्या दिवसापासून रोज पाचशेच्या आसपास गेले, पण पहिल्या दिवसाचे 1,700 धरून चार दिवसांचे 3,310 झाले, म्हंजे बजेटच्या वरच. शेवटच्या सकाळी पोंss पोंss करत पदेर (पाववाला) सायकलवर आला तर आई गाऊनवरच खाली पळाली, एक डझन पोई (इथले गव्हाचे पोकळ पाव) घेतल्या. पुण्यात उतरलो तेव्हा चार उरल्या होत्या.