मीठ झोंबेल का?

खुर्चीत बसता बसताच बाईंनी विचारलं, "सिस्टर, मीठ माझ्या स्टोमाला झोंबेल का हो?"

पोहण्याबद्दल विचारणारे पेशंट माझ्याकडे नेहमी येतात. मृत समुद्राबद्दल विचारणाऱ्या या पहिल्याच. अल्सरेटिव्ह कोलायटिसमुळे, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज आणि व्रण आणणाऱ्या आजारामुळे, वर्षभरापूर्वी मोठं आतडं काढलेलं, पोटावर उजवीकडे इलिओस्टॉमी, म्हणजे लहान आतड्याचं टोक बाहेर काढून मल बॅगेत जाईल अशी सोय. लेक जॉर्डनमध्ये नोकरीला. तिनं तीन आठवड्यांनंतरचं तिकीटही काढलं होतं.

"स्टोमाला नाही झोंबणार," मी म्हटलं. स्टोमा म्हणजे आतड्याचंच बाहेर काढून शिवलेलं तोंड. कातडीसारख्या वेदना कळवणाऱ्या नसा त्याला नसतात. "पण भोवतीची कातडी बघू द्या."

फ्लँज, म्हणजे बॅग धरून ठेवणारी कातडीला चिकटणारी चकती, हलक्या हातानं सोडवला. स्टोमाच्या खालच्या अंगाला बोटाच्या पेराएवढी चंद्रकोर दिसली. लालभडक, सोललेली, ओली.

"इथे आग होते का?"

"होते. मला वाटलं, असंच असतं."

हे उत्तर मी फार वेळा ऐकलंय आणि दर वेळी जिवाला लागतं. असं नसतं! स्टोमाभोवतीची कातडी पोटाच्या बाकीच्या कातडीसारखीच दिसायला हवी.

मोजलं तर स्टोमा 28 मिलिमीटर, फ्लँजला कापलेलं भोक 38. ऑपरेशननंतरची सूज पहिल्या सहा-आठ आठवड्यांत उतरते, स्टोमा आक्रसतो. बाई मात्र सुरुवातीला दिलेल्या कागदी मापानंच वर्षभर भोक कापत होत्या. मधल्या उघड्या कातडीवर पाचकरस मिसळलेला पातळ मल सतत लागत होता. लहान आतड्यातले ते रस अन्नासारखे कातडीलाही सोडत नाहीत.

साध्या समुद्रात साडेतीन टक्क्यांच्या आसपास क्षार असतात, मृत समुद्रात सुमारे 34 टक्के. बाईंना आकडे सांगितले, तशा त्या हळूच म्हणाल्या, "म्हणजे जखमेवर मीठच की."

30 मिलिमीटरचं नवं माप कापून दिलं, स्टोमा पावडर कशी भुरभुरायची आणि जादाची कशी झटकायची ते दाखवलं. कातडी भरली नाही तर पाण्यात उतरायचं नाही, हे स्पष्ट सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला, पण मला खोटा धीर द्यायचा नव्हता.

त्या पाण्यात फ्लँज टिकेल का, ही शंका माझ्याही मनात होती. घरी तसं पाणी करायला बसले. स्वयंपाकाचं मीठ 26 टक्क्यांच्या पुढे विरघळेचना, तळाशीच बसलं. मृत समुद्रात मॅग्नेशियमचे क्षार जास्त असतात, म्हणून ते पाणी इतकं दाट. तरी मनगटावर फ्लँजचा तुकडा चिकटवून हात वीस मिनिटं बुडवून ठेवला. तुकडा हलला नाही. नखाजवळ कातडीचं साल निघालं होतं तिथे मात्र अशी कळ गेली की बाईंची चंद्रकोर डोळ्यांपुढे आली.

अठरा दिवसांनी त्या परत आल्या. कातडी कोरडी, फिकट गुलाबी. मी तिथेच त्यांचा हात धरला. मग भराभरा सांगत गेले. फ्लँज आदल्या दिवशीच लावा, उतरायच्या तोंडावर नको. बॅग रिकामी करून जा. बॅगेतला वायू बाहेर सोडणाऱ्या फिल्टरवर बॉक्समधला स्टिकर लावा, फिल्टर भिजला की वायू सोडत नाही. पाठीवरच तरंगा, दहा मिनिटं पुरेत, मग लगेच गोड्या पाण्याखाली उभ्या राहा. कात्री केबिनच्या सामानात अडवतील, म्हणून फ्लँज घरूनच कापून न्या. आणि ओआरएस विसरू नका. मोठं आतडं नसलं की पाणी आणि मीठ शरीरात धरून ठेवणं अवघड जातं, त्यात तिथलं ऊन.

पुढच्या तपासणीला आल्या तेव्हा मी आधी फ्लँज काढला. चंद्रकोरीच्या जागी काही नव्हतं. मग त्यांनी फोनवरचा फोटो दाखवला. बाई पाठीवर, पायाचे अंगठे पाण्याबाहेर, आणि पोटावर बॅगच्या कडेनं वाळलेल्या मिठाची पांढरी रेघ.

"लेक म्हणाली, बॅग झाकून घे," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं, राहू दे. सिस्टरना दाखवायचीय."